सिंहांखालचा लेख कोण वाचणार?

आपल्या वस्तीत सारनाथला जाऊन आलेले घर शोधावे लागत नाही. दारातून आत पाऊल टाकले की बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तो फोटो दिसतो. मागे धम्मेक स्तूप, पुढे पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे आणि पायाशी बसवलेली नातवंडे. वर्षभर भिशी लावून, महानगरीचे स्लीपरचे तिकीट काढून, डब्यात चटणी-भाकरी बांधून आपली माणसे बोधगया, राजगीर, कुशीनगर, सारनाथ करून येतात. परत आल्यावर त्यांना विचारावे, "सारनाथच्या संग्रहालयात काय पाहिलं?" उत्तर ठरलेले असते, "सिंह." आणखी काय? "आणखी लई मूर्त्या होत्या." त्या मूर्ती कोणाच्या, कोणी बसवल्या, कोणी मोडल्या, सिंह ज्या खांबावर होते त्या खांबावर काय लिहिले होते, हे ते सांगू शकत नाहीत. कारण त्यांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

हा दोष त्या कष्टकरी माणसांचा नाही. पोटाला चिमटा घेऊन ती तिथवर जातात, हेच मोठे आहे. दोष आहे तो आपल्यासारख्या लिहित्या-बोलत्या मंडळींचा. आपण त्यांना वंदना शिकवली, घोषणा शिकवल्या, पण दगड वाचायला शिकवले नाही. आणि सारनाथचे संग्रहालय ही आपली दगडांची कचेरी आहे. आपल्या सातबाऱ्याचे उतारे तिथे पडून आहेत.

संग्रहालय उत्खननाच्या जागेला लागूनच आहे. सर जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना १९०४ साली ते उभारायचे ठरले आणि १९१० साली इमारत पुरी झाली. जिथे उत्खनन झाले तिथेच वस्तू ठेवायच्या, ही पद्धत या खात्यात इथून सुरू झाली. इमारतीचा आराखडाही अर्ध्या संघारामासारखा आहे. सुमारे ६,८०० वस्तू इथे आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंतच्या, म्हणजे अशोकापासून थेट धम्म या भूमीवरून पुसला जाईपर्यंतच्या पंधराशे वर्षांच्या.

दारातून आत शिरले की समोरच सिंह. सात फूट उंचीचा, चुनारच्या वालुकाश्मातला, आरशासारखी झिलई असलेला हा सिंहशीर्ष मार्च १९०५ मध्ये सापडला. ओएर्टेल नावाचा बांधकाम खात्यातला एक इंजिनियर तिथे खणत होता, त्याच्या हाताला हा ठेवा लागला. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि त्यांच्यामध्ये चोवीस आऱ्यांची चार चक्रे. २६ जानेवारी १९५० रोजी हीच शिल्पाकृती भारताची राजमुद्रा झाली. चोवीस आऱ्यांचे चक्र त्याआधीच, २२ जुलै १९४७ रोजी, तिरंग्यावर आले होते. तो ध्वज ठरवण्यासाठी घटना समितीने नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे.

पण मूळ शिल्पात सिंह सर्वांत वर नव्हते. सिंहांच्या माथ्यावर एक भले मोठे धम्मचक्र होते. त्याला बत्तीस आरे असावेत, असे अभ्यासक मानतात. त्या चक्राचे तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे अशोकाच्या मनातले चित्र असे, की सिंहांनी धम्म डोक्यावर धरायचा. सत्ता खाली, धम्म वर! राजमुद्रेत सिंह राहिले, पट्टीवरची छोटी चक्रे राहिली, माथ्यावरचे मोठे चक्र तेवढे आले नाही. खाली बोधवाक्य आले ते मुंडकोपनिषदातले. ११ जुलै २०२२ रोजी नव्या संसद भवनावरच्या साडेनऊ हजार किलो वजनाच्या राजमुद्रेचे अनावरण झाले, तेव्हा सिंहांचे तोंड किती उघडे, दात किती दिसतात, यावर देशभर वाद झाला. दातांवर सगळे बोलले. माथ्यावरचे चक्र कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. आपणही नाही.

आता त्या सिंहांखालच्या खांबाकडे वळू. खांबाचा बुडखा आजही उत्खननाच्या जागेत, मूळ ठिकाणी उभा आहे आणि बाकीचे तुकडे शेजारी ठेवले आहेत. आपली माणसे काचेतून बघतात, हात जोडतात आणि स्तूपाकडे चालू लागतात. त्या बुडख्यावर धम्मलिपीत अशोकाचा आदेश कोरलेला आहे. सुरुवातीच्या ओळी फुटल्या आहेत, पण पुढचे स्वच्छ वाचता येते. त्याचा आशय असा: संघात कोणीही फूट पाडू नये. भिक्खू असो वा भिक्खुणी, जो कोणी संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसायला लावून संघाच्या निवासाबाहेर ठेवावे. (पांढरी वस्त्रे गृहस्थाची. म्हणजे चीवर काढून घ्यावे.) हा आदेश भिक्खुसंघाला आणि भिक्खुणीसंघाला कळवावा.

इथपर्यंत पुष्कळांनी ऐकलेले असते. खरी गोष्ट त्यापुढची आहे. अशोक आपल्या अधिकाऱ्यांना सांगतो की, या आदेशाची एक प्रत तुमच्या कचेरीत ठेवा आणि तशीच दुसरी प्रत उपासकांपाशी ठेवा. उपासकांनी दर उपोसथाला येऊन हा आदेश मनात पक्का करावा. महामात्रांनीही दर उपोसथाला यावे.

हे नीट लक्षात घ्या, उपासकांपाशी! सम्राटाने संघाच्या एकीची राखण फक्त भिक्खूंवर सोडली नाही, फक्त सरकारी अधिकाऱ्यांवरही सोडली नाही. त्याची प्रत घरसंसार करणाऱ्या, शेतीभाती-व्यापार करणाऱ्या साध्या माणसांच्या हाती दिली आणि दर उपोसथाला ती उजळा, असे बजावले. फुटीला आळा घालायचा तर कागद सामान्य माणसाच्या हाती असला पाहिजे, हे त्याला कळले होते. असाच आदेश सांचीला आहे, कौशांबीच्या स्तंभावरही आहे. म्हणजे हा आजार तेव्हाही एका गावापुरता नव्हता.

आणि आपण? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढच्या काही वर्षांतच त्याची शकले होऊ लागली. आज गटांची नावे सांगताना कंसातली अक्षरे पुरत नाहीत. एका वस्तीत दोन विहार, दोन विहारांच्या दोन समित्या, दोन समित्यांच्या दोन जयंत्या आणि वर्गणीला मात्र दारात एकामागून एक दोघेही! मिरवणुकीच्या पुढे राजमुद्रेचे सिंह आपण दिमाखात मिरवतो. त्या सिंहांनी जो आदेश इतकी शतके डोक्याखाली सांभाळला, तोच रोज पायदळी तुडवतो. नेते फुटले म्हणून आपण नेत्यांना बोल लावतो. पण प्रत तर उपासकांपाशी ठेवली होती ना?

आता हे दगड फुटले कसे, ते. १७९४ साली बनारसचा राजा चेतसिंग याचा दिवाण जगतसिंग याला आपल्या नावाची पेठ वसवायची होती. विटा-दगड हवे होते. सारनाथचा धर्मराजिका स्तूप, जो मुळात अशोकाने उभारला असे मानले जाते, तो त्याच्या माणसांनी खणून काढला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत संगमरवरी करंडक आणि करंडकात अस्थी. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. जोनाथन डंकन नावाचा कंपनीचा रेसिडेंट तेव्हा बनारसला होता. त्याने ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. ती दगडी पेटी पुढे १८३५ साली कनिंगहॅमने पुन्हा शोधून काढली. आज ती कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. अस्थी गेल्या त्या गेल्याच. आज धर्मराजिका म्हणून आपण ज्याला प्रदक्षिणा घालतो, ते फक्त गोल जोते आहे.

इंग्रजांना मात्र यातून सोडून देण्याचे कारण नाही. कनिंगहॅमनेच नोंदवले आहे, की त्याच्यामागे राहिलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि इतर कोरीव दगड वरुणा नदीवरच्या पुलाला पाण्याचा मार लागू नये म्हणून नदीत टाकण्यात आले. बुद्धमूर्तींचा बंधारा! कोणाला विटा हव्या होत्या, कोणाला पूल हवा होता. ज्यांचा हा वारसा, ते त्या काळी गावकुसाबाहेर होते. त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

ही जुनी कथा आजच का उगाळायची? कारण ती आज नव्याने लिहिली जात आहे. सारनाथ १९९८ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत होते आणि २०२५-२६ साठी भारत सरकारने त्याचे जागतिक वारशाचे नामांकन पुढे केले. त्याच सुमारास जगतसिंगाच्या वंशजांनी मागणी लावून धरली, की सारनाथच्या शोधाचे श्रेय इंग्रजांना नव्हे, जगतसिंगाला मिळावे. पुरातत्त्व खाते फलकांवरचा मजकूर त्याप्रमाणे बदलत असल्याच्या बातम्या २०२५ साली छापून आल्या.

इंग्रजांचे श्रेय कमी झाले म्हणून आपल्याला रडायचे कारण नाही. पण घर पाडणाऱ्याच्या पहारीला हंडा लागला, तर त्याला कोणी घराचा शोधक म्हणत नाही. जगतसिंगाला बुद्ध ठाऊक नसेल, अस्थी कोणाच्या हे कळलेही नसेल. तेवढी सवलत त्याला देऊ. मग ज्याला काय सापडले हेच ठाऊक नव्हते, त्याने शोध कसा लावला? स्तूप पाडला, विटा नेल्या, अस्थी नदीत सोडल्या, ही तीन वाक्ये फलकावर हवीत. त्यानंतर श्रेय कोणाला द्यायचे ते द्या. फलक ही लहान गोष्ट नाही. वर्षाला लाखो लोक ग्रंथ वाचत नाहीत, फलक वाचतात. बोधगयेच्या महाविहारासाठी १९४९ च्या कायद्याविरुद्ध आपण लढतो आहोत, ते योग्यच आहे. सारनाथला महंत नाही, म्हणून तिथे लढा नाही, असे मात्र समजू नका. तिथला लढा अक्षरांचा आहे.

दालनांच्या नावांचेही तसेच. पाच दालने आहेत: शाक्यसिंह, तथागत, त्रिरत्न, त्रिमूर्ती आणि आशुतोष. शेवटच्या दोघांत ब्राह्मणी देवदेवता आहेत, अंधकासुराला मारणारा एक प्रचंड शिवही आहे. या मूर्तीही तिथल्याच उत्खननातल्या आणि परिसरातल्या. दगडाशी आपले भांडण नाही. त्या अवश्य पाहाव्यात आणि त्या कोणत्या शतकातल्या आहेत, हे पाटीवर शोधावे. एका पवित्र बौद्ध स्थळी त्या कधी आणि कशा आल्या असतील, हा प्रश्न आपल्या पोरांना पडला तरी पुष्कळ झाले.

मला स्वतःला या संग्रहालयात सर्वांत जास्त वेळ थांबवले ते सिंहांनी नव्हे, एका भिक्खुणीने. तिची मूर्ती नाही, फक्त नाव आहे.

मथुरेच्या तांबड्या दगडातली, माणसाहून किती तरी उंच अशी एक उभी बोधिसत्त्व मूर्ती तिथे आहे. तिच्यावर धरलेले दगडी छत्रही आहे, त्यावर कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत. कनिष्काच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी, भिक्खू बल याने ती बसवली. मथुरेचा हा दगड तेव्हा शेकडो मैल वाहून आणला. भगवान जिथे चंक्रमण करीत त्या जागी ही मूर्ती बसवली, असे लेखात म्हटले आहे. या पुण्यात कोण कोण सहभागी, त्यांचीही नावे आहेत. आई-वडील, उपाध्याय, आचार्य, शिष्य, क्षत्रप वनस्पर आणि खरपल्लान. आणि त्यांच्यामध्ये, क्षत्रपांच्या आधी, बुद्धमित्रा, त्रिपिटक जाणणारी.

त्रिपिटक जाणणारी! ज्या देशात स्त्रीच्या कानावर वेद पडू नये असा शास्त्रांचा हुकूम होता, तिथे एक बाई तिन्ही पिटके मुखोद्गत करून होती आणि तिची ही पदवी दगडावर कोरली गेली. ही एकटीच नोंद असती तर कोणी अपवाद म्हणाले असते. पण हीच बुद्धमित्रा आदल्या वर्षी कौशांबीला आपल्या स्वतःच्या नावाने बोधिसत्त्व मूर्ती बसवताना दिसते. पुढे हुविष्काच्या काळात, तेहतिसाव्या वर्षी, मथुरेला धनवती नावाची भिक्खुणी मूर्ती बसवते आणि आपली ओळख देते ती अशी, की त्रिपिटक जाणणाऱ्या बुद्धमित्रेच्या बहिणीची मुलगी. मावशीच्या विद्वत्तेवरून भाचीची ओळख! तीन शहरे, तीन लेख आणि एक परंपरा. आपल्या किती वक्त्यांनी कोणत्या जयंतीत हे नाव घेतले आहे? मी तरी ऐकले नाही. आपल्या किती मुलींचे नाव बुद्धमित्रा आहे?

त्याच सहलीत आमच्या बरोबर एक आजी होत्या. तथागतांच्या त्या जगप्रसिद्ध मूर्तीसमोर आम्ही उभे होतो. गुप्तकाळातली, पाचव्या शतकातली, धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली. डोळे मिटलेले म्हणावे तर नाहीत, उघडे म्हणावे तर नाहीत. सगळे तो चेहरा पाहत होते. आजी मात्र खाली वाकून बैठकीवरचे कोरीव काम न्याहाळत होत्या. मध्ये चक्र, बाजूला हरणे आणि चक्राभोवती हात जोडलेले पाच शिष्य. आजी म्हणाल्या, "सर, पाच भिक्खू कळले. पर ही कडंला बसलेली बाई कोण हो? लेकरू बी हाय संगं."

मी तोवर ती मूर्ती निदान पन्नास पुस्तकांत पाहिली होती. ती बाई मी कधी पाहिलीच नव्हती. अभ्यासक सांगतात की, ती बहुधा ही मूर्ती दान देणारी उपासिका असावी. नाव कोरलेले नाही. पंचवर्गीय भिक्खूंच्या ओळीत, लेकराला घेऊन, पंधराशे वर्षे हात जोडून बसलेली एक साधी बाई. आजींना ती आधी दिसली, कारण त्यांनी आयुष्यभर विहारात तीच जागा सांभाळली आहे. मागे, कडेला, लेकराला घेऊन.

आणखी एक स्त्री सारनाथच्या शेवटच्या पानावर आहे. गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची राणी कुमारदेवी. राजघराणे ब्राह्मणी धर्माचे, राणी मात्र बौद्ध. बाराव्या शतकात तिने इथे विहार बांधला. तिचा लांबलचक शिलालेख याच संग्रहालयात आहे आणि त्यात अशोकाच्या काळाची आठवण आहे. त्यानंतर काही दशकांतच सारे संपले. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने जिथे दीड हजार भिक्खू पाहिले, तिथे पुढची सहाशे वर्षे गवत वाढले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आटोपून, बाबासाहेब बनारसला आले. विद्यार्थ्यांपुढे बोलले, सारनाथला गेले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. शरीर थकलेले, चालायला आधार लागत असे. तरीही ते या अवशेषांपर्यंत पोहोचले. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीला परतले आणि सहाच दिवसांनी, ६ डिसेंबरला, आपल्यातून गेले. एवढ्या आजारात माणूस फोटो काढायला जात नाही.

महाराष्ट्रात आता तरुणांचे गट लेण्यांवर जाऊन धम्मलिपी शिकवतात. 'ध' कसा, 'म' कसा, हे चार रविवारांत येते. या तरुणांपैकी एखाद-दुसऱ्याला प्रत्येक सहलीबरोबर न्या, त्याचे भाडे वर्गणीतून काढा. जयंतीच्या डीजेतला एक तास कमी केला तरी ते निघेल. संग्रहालयाची मराठीत चाळीस पानांची पुस्तिका काढा. बुद्धमित्रा, कुमारदेवी आणि ती लेकुरवाळी उपासिका तिच्यात असू द्या. आणि सारनाथच्या स्तंभावरचा आदेश साध्या मराठीत छापून प्रत्येक विहाराच्या दाराशी लावा. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तो एकदा मोठ्याने वाचा. दोन्ही समित्यांच्या अध्यक्षांना त्या दिवशी पहिल्या ओळीत बसवा.

सहलीची तारीख ठरवताना वार मात्र पाहा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.